वॉर्ड : राखणीचा एक जुना शब्द



ज्या सरांच्या स्मृतीला ही व्याख्यानमाला वाहिली आहे, त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आणि शब्दाचं कूळ सांगितल्याशिवाय त्याचा अर्थ कधी सांगितला नाही. म्हणून आज मी एकाच इंग्रजी शब्दावर बोलणार आहे. तो तुमच्या-माझ्या तोंडात इतका बसला आहे की तो परका आहे हेच आपण विसरलो आहोत. शब्द आहे ‘वॉर्ड’. ‘सकाळी वॉर्डात जाऊन आलो’, ‘वॉर्डातून माणूस बघून गेला’, ‘ते आमच्या वॉर्डात येत नाही’. मला बोलायचं आहे ते या तिसऱ्या वाक्याबद्दल, पण तिथे पोचायला थोडा वेळ लागेल.

उपनगरात हा शब्द अक्षराचा हात धरून चालतो. अंधेरीला के ईस्ट आणि के वेस्ट, बोरिवलीला आर सेंट्रल, घाटकोपरला एन आणि आपल्या मुलुंडला टी. नळाला गढूळ पाणी आलं, झाडाची फांदी तारेवर टेकली, शेजाऱ्याने गच्चीवर पत्रे चढवले, की पालीराम रोडवर, जवाहर रोडवर नाहीतर देवीदयाल रोडवर माणूस अर्ज घेऊन उभा. दवाखान्यातला वॉर्ड निराळा. राजावाडीत किंवा भगवतीत कुणाला बघायला गेलं की आधी वॉर्ड विचारायचा आणि तिथला वॉर्डबॉय शोधायचा. तिसरा वॉर्ड इंग्रजी शाळेच्या नोटिशीत भेटतो. ‘युअर वॉर्ड’ अमुक दिवशी गैरहजर होता, असं त्यात लिहिलेलं असतं. पहिल्यांदा ती नोटीस वाचणाऱ्या पालकाला क्षणभर उमगत नाही की महापालिका शाळेत कुठून आली. इथे वॉर्ड म्हणजे आपलं पोर.

शहराचा तुकडा, आजाऱ्यांची खोली आणि घरातलं मूल. एका शब्दात ही तीन बिऱ्हाडं कशी नांदतात?

इंग्रजीचं जे सर्वांत जुनं रूप आपल्याला ठाऊक आहे, 1066 साली नॉर्मन लोक इंग्लंडात उतरण्याच्या आधीचं, त्यात हा शब्द ‘वेअर्द’ असा काहीसा उच्चारला जाई. त्या इंग्रजीत मराठीसारखं नामांना लिंग होतं. वेअर्द पुल्लिंगी असला की राखणदार, स्त्रीलिंगी असला की राखण. आपणही तो राखणदार आणि ती राखण असंच म्हणतो. म्हणजे मुळात या शब्दात जागाही नव्हती, खोलीही नव्हती आणि मूलही नव्हतं. होता तो डोळे उघडे ठेवून उभा असलेला माणूस, आणि त्याचं काम.

हा राखणदार पुढे इंग्रजीत कुठे कुठे जाऊन बसला ते बघण्यासारखं आहे. ‘लॉर्ड’ हा शब्द घ्या. त्याचं जुनं रूप ‘ह्लाफ-वेअर्द’. ह्लाफ म्हणजे पाव, आजचा ‘लोफ’. घरातल्या भाकरीची राखण करणारा तो लॉर्ड. ‘लेडी’सुद्धा त्याच ह्लाफपासून झाली. तिच्या जुन्या रूपाचा अर्थ पावाची कणीक मळणारी. ज्या लॉर्डवरून आपण लाटसाहेब केला, आणि ज्याच्या नावाने आपले आजे-पणजे दबकत होते, त्याच्या पदवीच्या पोटात भाकरी सांभाळणारा गृहस्थ बसलेला आहे. धनीपण मिळतं ते पोसण्याची आणि राखण्याची जबाबदारी घेतल्यामुळे, असा त्या समाजाचा हिशेब त्या शब्दात गोठून राहिला आहे. ‘स्ट्यूअर्ड’मध्येही हाच वेअर्द आहे, घरादाराची राखण करणारा. तो डुकरांच्या खुराड्याचा राखणदार होता अशी एक गमतीदार व्युत्पत्ती सांगतात, तिला आधार नाही. ‘एडवर्ड’ म्हणजे संपत्तीचा राखणदार. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने लागणार आहे.

आता जरा फ्रान्समधून जाऊ. जर्मानिक टोळ्यांचा हाच शब्द फ्रेंचमध्ये शिरला तेव्हा मध्य फ्रान्सच्या लोकांनी त्याच्या ‘व’चा ‘ग’ केला, उत्तरेकडच्या नॉर्मनांनी ‘व’ तसाच ठेवला. इंग्रजीने पुढे दोन्ही घरांतून उसनवारी केली. म्हणून तिच्याकडे घरचा ‘वॉर्ड’ आहे तसा उसना ‘गार्ड’ आहे, ‘वॉर्डन’ आहे तसा ‘गार्डियन’ आहे, ‘रिवॉर्ड’ आहे तसा ‘रिगार्ड’ आहे. या ‘व’ आणि ‘ग’च्या अदलाबदलीचा नमुना तुम्हाला घाटकोपर स्टेशनबाहेरच्या मिक्सरच्या दुकानात ऐकायला मिळेल. दुकानदार बजावून सांगतो, ‘गॅरंटी नाही, वॉरंटी आहे’. कायद्याने त्या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत खऱ्या, पण जन्माने तो एकच शब्द, दोन बोलींतून आलेला.

हा ‘ग’वाला भाऊ महाराष्ट्रात वॉर्डाच्या कितीतरी आधी पोचला होता. युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेल्या शिपायांना आपण ‘गारदी’ म्हणू लागलो, ते या गार्डवरूनच. पानिपतावर तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी तो हाच. आणि 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात घुसून नारायणराव पेशव्यांचा जीव घेणारे सुमेरसिंग आणि त्याचे सोबती, तेही गारदीच. ‘ध चा मा’ कुणी केला हा वाद आपल्याला तोंडपाठ असतो. मला त्या प्रसंगात दुसरीच गोष्ट टोचते. ज्यांच्या नावाचाच अर्थ राखणदार, त्यांचा पगार थकला होता, त्यांची गाऱ्हाणी कुणी ऐकत नव्हतं, आणि त्यांच्यावर नजर ठेवणारं वाड्यात कुणी उरलं नव्हतं. राखणदार नेमला की राखण झाली, असं होत नाही. राखणदाराचीही राखण लागते. महापालिकेच्या इमारतीकडे बघताना मला हा वाडा आठवतो, आणि मी ते गांभीर्याने म्हणतो आहे.

आता तो एडवर्ड. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1285 साली विंचेस्टर इथे एक कायदा केला. शहराचे दरवाजे सूर्यास्ताला बंद व्हायचे ते सूर्योदयालाच उघडायचे. उन्हाळ्याच्या महिन्यांत रात्रभर पहारा, मोठ्या शहरात प्रत्येक वेशीवर सहा माणसं, कसब्याच्या गावात एकूण बारा. पहारेकरी नोकर नव्हते, रहिवासीच आळीपाळीने उभे राहत. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंची 200 फुटांपर्यंतची झुडपं तोडायची, म्हणजे दरोडेखोराला दबा धरता येऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचं कलम हे की चोर पकडून दिला नाही तर त्या टापूतल्या लोकांनी मिळून नुकसान भरून द्यायचं.

लंडन शहरात हे काम ज्या तुकड्यांत वाटलेलं होतं त्यांना वॉर्ड म्हणत. राखण हे कामाचं नाव होतं. ती जिथवर चाले त्या टापूला पुढे तेच नाव पडलं. त्या वॉर्डांची नावं ऐका. ऑल्डगेट, बिशप्सगेट, क्रिपलगेट ही वेशींची नावं, ब्रेड स्ट्रीट हे पाववाल्यांच्या गल्लीचं, कँडलविक मेणबत्तीवाल्यांचं. प्रत्येक वॉर्डात एक ऑल्डरमन, म्हणजे अक्षरशः वडीलधारा. आणि वॉर्डातल्या लोकांची एक सभा, ‘वॉर्डमोट’. आगीची धास्ती मोठी होती, म्हणून मोठ्या घरापुढे शिडी ठेवायची, उन्हाळ्यात पाण्याचं पिंप भरून ठेवायचं, जळतं छप्पर ओढून काढायला वॉर्डाचा आकडा तयार ठेवायचा, असे नियम त्या सभेत वाचून दाखवले जात. चुकणाऱ्याचं नावही तिथेच घेतलं जाई. लंडनच्या जुन्या शहरात आज 25 वॉर्ड आहेत, आणि वॉर्डमोट अजून भरते.

हे ऐकताना तुम्हाला परकं वाटलं का? मला वाटलं नाही. आपल्या गावाला वेस होती आणि वेशीवर वेसकर होता. देशावर रात्रीची जागल रामोश्याकडे असे, कुठे महाराकडे, कुठे मांगाकडे, कुठे भिल्लांकडे, आणि त्याबद्दल त्यांचा हक्क गावाच्या धान्यात ठरलेला असे. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की तिथल्या जागल्याच्या स्वाधीन करायचा, आणि तिथून पुढे जबाबदारी त्या गावाची. माग जिथे हरवला त्या गावाने भरपाई द्यायची. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने 1819 साली जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत नोंदलेली आहे. विंचेस्टरचा राजा आणि दख्खनचा पाटील यांची कधी गाठ पडली नाही, तरी दोघांच्या डोक्यातला कायदा एकच. हद्द कुठे संपते हे विचारायचं ते पुढच्या माणसाच्या हातात माग देण्यासाठी.

या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, जागणारा कोण आणि झोपणारा कोण हे जन्माने ठरत होतं, हे मी विसरलेलो नाही. ती उतरंड गेली पाहिजे होतीच. पण तिच्याबरोबर माग हातात देण्याची रीतही गेली, आणि तिच्या जागी काही आलं नाही.

इथे वाटेतली एक चकवाचकवी सांगून टाकतो, कारण व्याख्यानानंतर कुणीतरी विचारतंच. आपला ‘वाडा’, ‘वाडी’ आणि गोव्याचा ‘वाडो’ यांचा वॉर्डाशी नात्याचा संबंध नाही. ते संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यावरून आले. आवाज सारखे म्हणून गोत्र एक, असं नसतं. उलट ‘फॉरवर्ड’, ‘बॅकवर्ड’ यांतला ‘वर्ड’ कानाला वॉर्डाचा सख्खा वाटतो, पण तो वळणे या अर्थाच्या धातूपासून आला, आणि त्या धातूचे संस्कृत वंशज ‘वृत्’, ‘वर्तन’, ‘वर्तुळ’ हे आपल्याच घरात आहेत. तुम्ही फोनवर निरोप फॉरवर्ड करता तेव्हा नकळत वर्तुळाच्या चुलतभावाला हात लावता.

बाकीचे अर्थ पटकन सांगता येतील. किल्ल्याच्या तटाआतलं राखलेलं अंगण तेही वॉर्ड. तुरुंगाची कोठड्यांची रांग वॉर्ड, आणि तिच्यावरचा वॉर्डर. मग आजाऱ्यांची देखरेखीची खोली वॉर्ड. कुलपाच्या आत चुकीची किल्ली अडवणारे जे कंगोरे असतात त्यांनाही वॉर्ड म्हणतात. आणि मूल? आईबाप गेलेलं, मालमत्ता असलेलं अज्ञान मूल राजाच्या राखणीत जाई. ती राखण म्हणजे वॉर्ड, आणि होता होता राखलं जाणारं मूलही वॉर्ड. आपल्याकडे 1890 चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायदा आजही लागू आहे. त्याच्या नावात राखणारा आणि राखलेला शेजारी शेजारी उभे आहेत, दोघेही एकाच शब्दाची लेकरं. मुंबई इलाख्यात 1905 साली कोर्ट ऑफ वॉर्ड्सचा कायदा झाला. जहागीरदाराचा वारस लहान असला की त्याची इस्टेट सरकार सांभाळी.

शब्दाच्या इतिहासातलं हे वळण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जो राखत होता त्याचं नाव, ज्याला राखलं जातं त्याला लागलं. आणि उपनगरातल्या नागरिकाचंही अगदी हेच झालं आहे.

मुंबईत हा शब्द म्युनिसिपालिटीबरोबर आला. 1888 चा महापालिकेचा कायदा, ज्याच्यामागे फिरोजशहा मेहतांची बुद्धी होती, त्यावर आजही कारभार चालतो. पण तेव्हाची मुंबई माहीम आणि शीवला संपत होती. अंधेरी, मरोळ, वेसावे, एकसर, किरोळ, नाहूर ही साष्टीतली गावं होती, कोळीवाडे, आगरवाडे, पाखाड्या आणि पाडे घेऊन वसलेली. 1920 साली उपनगर जिल्हा झाला. घाटकोपर-किरोळची स्वतःची नगरपालिका होती, पार्ले-अंधेरीची होती, वांद्रे-कुर्ल्याच्या होत्या. म्हणजे गल्लीतल्या गटाराचा निर्णय गल्लीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर होत असे. 1950 मध्ये बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत सरकली. 1957 मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. त्या नगरपालिका बरखास्त झाल्या आणि आपल्याला अक्षरं मिळाली. लंडनच्या वॉर्डाला वेशीचं नाव, आपल्याला टी. मरोळ पाखाडी आजही रस्त्याच्या पाटीवर आहे, पण कागदावर ती के ईस्टमध्ये विरघळली.

मी महापालिकेत सामील होण्याच्या विरुद्ध बोलत नाही. भातसा-वैतरणेचं पाणी एकट्या घाटकोपरच्या नगरपालिकेने आणलं नसतं. पण जे आलं ते अर्धं आलं. ऑफिस आलं, सहायक आयुक्त आले, नगरसेवक आले. वॉर्डमोट आली नाही. त्यात आणखी गोंधळ असा की वॉर्ड दोन झाले. एक कारभाराचा, ज्याला कागदोपत्री विभाग म्हणतात, ते वर्षानुवर्षं 24 होते. दुसरा निवडणुकीचा, प्रभाग, ते 227. पहिल्यात ऑफिस आहे, मत नाही. दुसऱ्यात मत आहे, ऑफिस नाही. आणि रहिवाशांची सभा दोन्हींत नाही. 7 मार्च 2022 ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवकसुद्धा नव्हते. त्या काळात आपण पूर्णार्थाने वॉर्ड होतो, कोर्ट ऑफ वॉर्ड्समधल्या अज्ञान वारसासारखे.

हे नुसतं शब्दांचं दुःख नाही. 13 मे 2024 ला दुपारी वादळ आलं आणि घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर एक जाहिरातफलक कोसळला. 17 माणसं गेली. महापालिका 40 बाय 40 फुटांपेक्षा मोठ्या फलकाला परवानगी देत नाही, आणि हा फलक त्याच्या कितीतरी पट होता. द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो रोज दिसत होता. कोसळल्यावर पहिला वाद सुरू झाला तो जमीन कुणाची यावर. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी महापालिकेची नाही, मग कारवाई कुणी करायची? तुम्हाला आता कळेल की ‘ते आमच्या वॉर्डात येत नाही’ या वाक्याने मी सुरुवात का केली. माग शिवेवर हरवला होता आणि पुढचं गाव हात पुढे करायला तयार नव्हतं. दख्खनच्या जुन्या रिवाजात अशा वेळी माग जिथे हरवला ते गाव भरपाईला बांधलेलं असतं.

आणि याच घाटकोपरने, याच एन वॉर्डाने, उलट उदाहरणही घालून दिलेलं आहे. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी आपला कचरा आपणच निवडायला सुरुवात केली. ओला वेगळा, सुका वेगळा, ओल्याचं गांडूळखत तिथेच. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याचा ढीग साचायचा तो बंद झाला. वॉर्डातल्या अधिकाऱ्यांनी साथ दिली, आणि पुढे महापालिकेने हीच पद्धत ‘एएलएम’ (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) या नावाने मुंबईभर नेली. हे काम मला साधं वाटत नाही. कचरा निवडणं म्हणजे रोज सकाळी आपल्या दारात काय चाललं आहे याकडे बघणं. त्या गल्लीने दोन्ही लिंगांतला वेअर्द एकत्र आणला, राखणदार आणि राखण. पुढे अनेक एएलएम ढिले पडले, काही नुसते लेटरहेडवर उरले, हेही खरं. कारण त्यांना कायद्याचं बळ नव्हतं, ते कुणा ना कुणा उत्साही माणसाच्या खांद्यावर उभे होते, आणि तो थकला की संपले.

कायद्याचं बळ देणारी तरतूद मात्र आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या. राज्याने 2009 साली कायदा बदलून क्षेत्रसभेची तरतूद केली. गावाला जशी ग्रामसभा तशी शहरातल्या मतदारांना आपल्या टापूची सभा. कोकणातल्या एखाद्या 500 वस्तीच्या गावात बाई उभी राहून सरपंचाला विहिरीचा हिशेब विचारू शकते. लाखोंच्या मुलुंडमध्ये तिच्याच बहिणीला तो अधिकार बजावण्याची जागा नाही, कारण क्षेत्रसभा कागदावरून उठून कुठल्याही सभागृहात आली नाही.

म्हणून मुलुंडकरांना माझी विनंती अशी. सभागृह तुमच्याकडे आहे, खुर्च्या आहेत, आणि व्याख्यान ऐकायला जमणारी माणसं आहेत. या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या तिमाहीत इथेच आपल्या प्रभागाची सभा बोलवावी. नगरसेवकाला आणि टी वॉर्डाच्या सहायक आयुक्तांना लेखी निमंत्रण द्यावं. प्रभागाच्या हद्दीचा नकाशा भिंतीवर लावावा, आणि त्या हद्दीतले पूल, नाले, धोकादायक इमारती आणि फलक एकेक करून वाचून दाखवावेत. ज्याच्याबद्दल ‘ते आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर येईल, ते कुणाकडे येतं हे लेखी घेतल्याशिवाय त्या दिवशी सभा उठवू नका. आणि क्षेत्रसभा रीतसर सुरू करा, अशी मागणी त्याच सभेत ठराव करून पाठवा. पहिल्या सभेला मी येईन, आणि मागच्या रांगेत बसून इतिवृत्त लिहून देईन.